रेडिओचे कान

आमच्या रस्त्यावर सगळे त्याला रेडिओ म्हणायचे. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची गरज कधी कुणाला पडली नाही. सकाळी शटर वर गेलं की आवाज सुरू, आणि शटर खाली येईपर्यंत तो चालूच. केस कापणं हे पोटापाण्याचं काम. बोलणं हा त्याचा श्वास. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, अंगावर कापड पडलं, की कुठला रस्ता खोदायला काढलाय, कुणाच्या घरी पाळणा हलणार आहे आणि कुठल्या संघाचा कप्तान कसा वेडा आहे, इथवर सगळं कळायचं.

पण तो ऐकायचाही तेवढंच, हे फार कमी लोकांच्या लक्षात यायचं. माणूस आरशाकडे बघत बोलायला लागला की घरी जे सांगत नाही ते सांगून जातो. रेडिओच्या खुर्चीत लोक रडलेलेही मी पाहिलेत. त्यातलं एक अक्षर कधी बाहेर फुटलं नाही. "बातमी वेगळी आणि गुपित वेगळं," तो मला सांगायचा. "बातमी मी वाटतो. गुपित या कानाने आत घेतो आणि त्या कानाला पत्ता लागू देत नाही."

माझं दुकान त्याच्या दुकानाला लागून. फोटोंना चौकटी बसवतो, काच कापून देतो. मधे फळ्यांची भिंत, म्हणजे नावालाच भिंत. तो मला चौकटराव म्हणायचा. माझं काम शांततेचं आणि त्याचं हे असं. पण इतक्या वर्षांत त्याच्या आवाजाची अशी सवय झाली होती की तो जेवायला घरी गेला की माझा हात चुकायचा.

त्याचा एक मित्र होता, डॉक्टर. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले. एक शिकत शिकत पुढे गेला आणि मोठ्या हॉस्पिटलात अतिदक्षता विभागाचा प्रमुख झाला. दुसऱ्याने वडिलांची खुर्ची आणि कात्री हातात घेतली. पण मैत्री टिकली. दर महिन्याला डॉक्टर गाडी लांब उभी करून चालत यायचा, केस कापून घ्यायचा, दाढी करून घ्यायचा. त्या खुर्चीत न बोलणारा तो एकटाच. मान मागे टाकली की दोन मिनिटांत झोपायचा. रेडिओला त्याचं भारी कौतुक.

"बघा चौकटराव," तो हलक्या आवाजात म्हणायचा, "गळ्यावर वस्तरा फिरतोय आणि हा घोरतोय. एवढा भरवसा माणूस बायकोवरही टाकत नाही."

रेडिओ आजारी पडला तो अगदी फालतू कारणाने. शटरच्या खालच्या पत्र्याने नडगी कापली. त्याने हसत हसत जखमेवर तुरटी फिरवली. "दिवसभर लोकांच्या गालांना लावतो, माझ्या पायाने काय घोडं मारलंय?" पाय सुजला, लाल झाला. ताप आला. तरी दुकान चालूच. शेवटी एके दुपारी कात्री हातातून गळून पडली आणि तो गिऱ्हाइकाच्याच खांद्यावर कलला. मी आणि वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला डॉक्टरच्याच हॉस्पिटलात नेलं. जंतू रक्तात उतरले होते. रक्तदाब इतका खाली गेला होता की नर्सने यंत्र बदलून पुन्हा मोजला.

मग काचेच्या दाराबाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि आम्ही. वहिनी, त्यांची मुलगी आणि मी. डॉक्टर बाहेर यायचा, वहिनींच्या समोर उकिडवा बसायचा आणि समजावून सांगायचा. त्याचं हे वागणं मला फार आवडलं होतं; एवढा मोठा माणूस, पण उभ्या उभ्या बोलून निघून गेला नाही.

"वहिनी, त्याच्या मूत्रपिंडांनी काम थांबवलंय. त्याचं रक्त बाहेर काढून, गाळून पुन्हा आत सोडणारं यंत्र लावलंय. ते हळूहळू, अखंड चालू राहणार. झटपट गाळलं तर त्याच्या हृदयाला झेपणार नाही."

यंत्र चालू राहिलं, पण जंतू काही हटेनात. ताप तसाच. डॉक्टरचा चेहरा उतरलेला. मग एका सकाळी तो जवळजवळ धावत बाहेर आला.

"मला वाटतं, सापडलं," तो म्हणाला. "मूत्रपिंडं बंद असली की औषध अंगात साठतं, म्हणून आपण डोस कमी ठेवतो. तसाच ठेवला होता. पण हे यंत्र घाण गाळतंय तसं औषधही गाळून टाकतंय. टाकीत वरून पाणी सोडायचं आणि खालचा नळ उघडा ठेवायचा, तसं झालंय. जंतूंपर्यंत पुरेसं पोचतच नाही. डोस वाढवतोय."

त्याने वाढवला, आणि रेडिओ वाचला. ताप उतरला, रक्तदाब स्वतःच्या बळावर उभा राहिला. पुढे यंत्र काढलं. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मूत्रपिंडंही हळूहळू जागी झाली. तेव्हा आम्हाला डॉक्टर देवाच्या जागी होता. हे मी आज रागात असूनही नाकारणार नाही.

पूर्ण शुद्धीवर आला तेव्हा रेडिओ पहिलं वाक्य बोलला ते वहिनींना. "अगं, बोल की. सगळ्यांनी मौन धरलंय का?" वहिनी बोलतच होत्या. मुलगी बोलत होती. शेजारच्या खाटेचं यंत्र बीपबीप करत होतं, कुणीतरी स्टीलचा ट्रे आपटला. तो आमच्या तोंडांकडे बघत राहिला. आधी त्याला वाटलं आम्ही चेष्टा करतोय. मग त्याने स्वतःच्या कानाशी चुटकी वाजवली. पुन्हा वाजवली. दुसऱ्या कानाशी वाजवली.

कानांच्या तपासण्या झाल्या. डॉक्टरने एका पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्यासमोर धरलं: 'आजार फार जोराचा होता. तापाने कानाच्या नसा गेल्या. जीव वाचला हे मोठं.' रेडिओने ते सावकाश वाचलं. मग मित्राचा हात धरला आणि, आपला आवाज किती मोठा झालाय हे न कळल्यामुळे, सगळा विभाग दचकेल अशा आवाजात म्हणाला, "दोन कान देऊन जीव परत घेतला. घासाघीस करायला जागाच नाही."

डॉक्टर हसला. मीही हसलो. वहिनी खिडकीकडे गेल्या.

दुकान पुन्हा सुरू झालं, पण आता रेडिओ एकतर्फी झाला होता. बोलायचा, ऐकू यायचं नाही. कानात घालायच्या यंत्रांनी काही फरक पडला नाही. तरी गडी खचला नाही. आरशावर त्याने जास्त उजेडाचा दिवा लावला आणि गिऱ्हाइकाचे ओठ आरशात वाचायला शिकला. सुरुवातीला काय काय घोटाळे झाले. एकाने "बारीक नको" म्हटलं आणि त्याने फक्त "बारीक" वाचलं. तो बिचारा महिनाभर टोपी घालून हिंडला. रेडिओने हे स्वतःच सगळ्या रस्त्याला हसत हसत सांगितलं.

गिऱ्हाइकं मात्र हळूहळू बदलली. जुनी टिकली, पण त्यांचं बोलणं आखडलं. आरशात तोंड मोठं करून, एकेक शब्द सुटा करून फार तर हवापाण्याचं बोलता येतं. गुपित असं सांगता येत नाही. पूर्वी जे लोक अर्धा तास मन मोकळं करायचे ते आता डोळे मिटून बसायचे. रेडिओला ते कळत होतं. एकदा दुपारी माझ्या दुकानात येऊन बसला आणि म्हणाला, "चौकटराव, लोक माझ्याकडे केसच कापायला यायला लागलेत."

तरी रोज एक गोष्ट तो सांगायचाच, नव्या-जुन्या प्रत्येकाला. आपण कसे मरणार होतो, यंत्र औषध कसं गिळत होतं आणि मित्राने ते कसं ओळखलं. "वरून धार, खालून नळ," असं हातवारे करून सांगायचा. डॉक्टर महिन्याच्या महिन्याला यायचा तेव्हा तर हमखास. डॉक्टर मान मागे टाकून, डोळे मिटून ऐकायचा. मला वाटायचं, माणूस विनयाने गप्प आहे.

हॉस्पिटलातले ते दिवस पाहून मुलीने नर्सिंग घ्यायचं ठरवलं. डॉक्टरने तिच्यासाठी कॉलेजात शब्द टाकला, प्रवेश झाला. वहिनींनी डॉक्टरच्या घरी जाऊन आभार मानले. सगळं कसं छान चाललं होतं, असं म्हणतात ना, तसं.

मग एका दुपारी मुलगी माझ्या दुकानात आली. नेहमी ती आधी बापाच्या दुकानात डोकवायची, आरशात त्याला हात करायची. त्या दिवशी मान खाली घालून त्याच्या दारावरून पुढे आली आणि माझ्याकडच्या प्लायच्या थप्पीवर बसली. कॉलेजचा गणवेश अंगावर तसाच.

"काका, तुम्ही तेव्हा तिथे होतात ना? बाबांचं यंत्र काढलं तेव्हा?"

"होतो की. का गं?"

तिने सांगितलं ते असं. दोन-तीन कॉलेजांच्या मुलींना एका मोठ्या हॉलमध्ये बसवून पाहुण्यांचं व्याख्यान ठेवलं होतं. पाहुणे म्हणजे डॉक्टरकाका. विषय होता, रक्त गाळणाऱ्या यंत्रावर असलेल्या पेशंटला औषध किती द्यायचं. ही मागच्या रांगांत होती. त्यांना ती दिसली नाही.

"ते म्हणाले, 'आमच्याकडे एक पेशंट होता. पन्नाशीचा. केस कापणारा. पायाच्या जखमेतून जंतू रक्तात गेलेले.' मला कळलंच ना लगेच. मग त्यांनी डोस कसा वाढवला ते सांगितलं, नळाचं उदाहरण देऊन. काका, मला इतका अभिमान वाटला. मी हात वर करणार होते. सांगणार होते की ते माझे बाबा आहेत."

 मी काच कापायचा हिरा खाली ठेवला.

"मग म्हणाले, 'ही झाली आमची हुशारी. आता आमची चूक ऐका.' यंत्राची गाळणी पुन्हा पुन्हा तुंबत होती आणि रक्तदाबही बरा झाला होता, म्हणून यंत्र काढलं. म्हणजे खालचा नळ बंद झाला. मूत्रपिंडं तर अजून चालू नव्हती. तेव्हा वरची धार लगेच कमी करायला हवी होती. ती कुणी केलीच नाही. सुट्टीचे दिवस होते, एकाने दुसऱ्याकडे काम सोपवलं आणि हे सांगायचं राहिलं. रक्तात औषध किती साठलंय ते तपासायला पाठवलं होतं. उत्तर आलं, ते कुणी बघितलं नाही. त्या औषधाने कान जातात, काका. ते त्यांना माहीत असतं. म्हणून तर तपासतात."

"म्हणजे तापाने नाही?"

"ते म्हणाले, कानाच्या आत केसांसारख्या बारीक पेशी असतात. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. तर पुढच्या रांगेतली एक मुलगी हसली. केस कापणाऱ्याचेच केस गेले म्हणून." तिने गणवेशाची बाही मुठीत धरली. "डॉक्टरकाकाही हसले. थोडंसंच. पण हसले."

भिंतीपलीकडे रेडिओ कुणालातरी तीच जुनी कथा सांगत होता. आम्हाला शब्दन्‌शब्द ऐकू येत होता.

"बाबांना सांगू का?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "तू नाही सांगितलंस तर तू पण त्यांच्यातलीच झालीस." बोलून गेलो. एवढ्या कोवळ्या पोरीवर एवढं ओझं टाकायला नको होतं, पण दुसरं काही सुचलं नाही.

तिने संध्याकाळी घरी सांगितलं. जेवणाआधी, दिव्याखाली समोरासमोर बसून, एकेक शब्द सुटा करत. जिथे ओठ कळले नाहीत तिथे फोनवर लिहून दाखवलं. पुढचं मला रेडिओने स्वतः सांगितलं, दुसऱ्या दिवशी, दुकान न उघडता माझ्याकडे येऊन.

"पोरगी सांगत होती, मी ऐकत होतो," तो म्हणाला. 'वाचत होतो' असं तो कधीच म्हणायचा नाही. "मग मी हिच्याकडे बघितलं. म्हटलं, ही आता रडेल, नाहीतर चिडेल. ही ताटं पुसत होती, चौकटराव. तेच ताट पुन्हा पुन्हा पुसत होती. मी विचारलं, तुला ठाऊक होतं? तर ताट खाली ठेवलं आणि मान हलवली."

वहिनींना ठाऊक होतं. हॉस्पिटलात असतानाच डॉक्टरने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. 'वहिनी, औषध जरा जास्त झालं. त्याचा परिणाम असू शकतो. पण आत्ता त्याला सांगू नका, तो खचेल. जरा बरा होऊ दे, मी स्वतः सांगेन.' वहिनींनी वाट पाहिली. तो बरा झाला. डॉक्टरने काही सांगितलं नाही. आणि मग रेडिओने दुकानात मित्राचे गोडवे गायला सुरुवात केली.

"ती म्हणाली, तुम्ही रोज त्याची आरती करत होतात, मी कुठल्या तोंडाने सांगणार? आणि मग पोरीच्या प्रवेशाचं त्यांनी केलं. म्हणाली, तोंडच बांधलं गेलं माझं." रेडिओ माझ्या टेबलावरचे काचेचे तुकडे एका रेषेत लावत होता. "आम्ही एका घरात राहतो. रोज ही माझ्यासमोर बसून तोंड मोठं करकरून बोलते, मला कळावं म्हणून. काय भाजी करू, कुठला सदरा घालताय. एवढे शब्द बोलली माझ्याशी. हेच तेवढे नाही बोलली."

मी म्हटलं, "त्यांची बाजूही बघ. भीती वाटली असेल."

त्याने माझे ओठ वाचले आणि म्हणाला, "बघतो ना. तिची बाजू दिसते मला. म्हणून तर तिच्यावर ओरडता येत नाही. आणि ओरडता येत नाही म्हणून आतल्या आत जळतंय."

त्या महिन्यात डॉक्टर येईल की नाही अशी मला शंका होती. पण त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, तो नेहमीसारखा आला. मी मुद्दाम रेडिओच्या दुकानात बाकावर जाऊन बसलो. रेडिओने केस नीट कापले. कुठे घाई नाही, कुठे हात जड नाही. नंतर दाढीसाठी फेस लावला. डॉक्टरने सवयीने मान मागे टाकून डोळे मिटले. रेडिओने टॉवेल घेतला आणि त्याच्या ओठांवरचा, हनुवटीवरचा फेस पुसून टाकला.

डॉक्टरने डोळे उघडले. "काय झालं?"

"तोंड मोकळं पाहिजे मला. तुझं बोलणं कळायला हवं." वस्तरा फळीवरच होता, रेडिओने तो उचललाही नव्हता. "माझे कान कशाने गेले?"

डॉक्टर माझ्याकडे वळून बघू लागला. रेडिओने दोन्ही हातांनी त्याचं डोकं हलकेच धरून पुन्हा आरशासमोर आणलं, भांग बघायला धरतात तसं.

"आरशात बोल."

"तुला कुणी सांगितलं?"

"तूच सांगितलंस. हॉलभर पोरींना सांगितलंस. त्यात माझी पोरगी होती."

डॉक्टरचा चेहरा पडला. गालांवर फेस तसाच वाळत होता. तो काहीतरी पुटपुटला.

"वर बघ," रेडिओ म्हणाला. "खाली बघून बोललास तर मला कळत नाही."

डॉक्टरने वर पाहिलं. "तू मेला असतास रे. डोस वाढवला नसता तर त्याच आठवड्यात गेला असतास. तो निर्णय माझा होता."

"ते मला माहीत आहे. ते मी या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला सांगितलंय. गोष्टीचा तेवढाच अर्धा भाग तू मला दिलास. उरलेला तू पोरींना दिलास."

"ते शिकवण्यासाठी होतं. पुन्हा असं कुणाचं होऊ नये म्हणून. नाव घेतलं नव्हतं मी."

"नाव घेतलं असतंस तरी चाललं असतं. आधी मला सांगायचं होतंस."

"सांगणार होतो. खरंच. आधी तू अशक्त होतास. मग हॉस्पिटलातून सांगण्यात आलं की काही बोलू नका. मग…" डॉक्टर थांबला. "मग तू सगळ्यांना माझं कौतुक सांगायला लागलास. ते ऐकत बसायचं आणि मधेच हे काढायचं, ते जमलं नाही."

"बायको पण हेच म्हणाली," रेडिओ म्हणाला. "म्हणजे चूक माझीच झाली. मी तुला चांगलं म्हटलं."

 बाहेरून एक हातगाडी गेली, तिची चाकं करकरत होती. ती आम्हा दोघांनाच ऐकू आली.

"माझ्या हातूनही गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लागलीय," रेडिओ म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता, इतका की मला पुढे वाकावं लागलं. "कुणाची लागत नाही? पण मी पहिल्यांदा त्यालाच सांगतो. रक्त त्याचं असतं. तू चुकलास याचं मला वाईट वाटतं, राग नाही येत. काम आहे, हात आहे, चुकतो. पण ती पोरगी हसली तेव्हा तू हसलास."

 डॉक्टरला ते आठवत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. बहुधा आठवत नसावं, आणि तेच जास्त वाईट.

"येत्या रविवारी घरी ये," रेडिओ म्हणाला. "पोरींना सांगितलंस ना, अगदी तसंच सांग. माझ्या बायकोसमोर, पोरीसमोर, मला. बाकी काही नको."

"येतो," डॉक्टर म्हणाला.

"दाढी आज राहू दे. आज वस्तरा माझ्या हातात नको."

त्याने ते धमकी म्हणून म्हटलं नव्हतं. त्याने वस्तरा मिटून खणात ठेवला. डॉक्टरने स्वतःच गाल पुसले आणि मागे न बघता निघून गेला.

रविवारी वहिनींनी घर आवरलं. रेडिओने एक खुर्ची खिडकीसमोर ठेवली, बसणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडेल अशी. सगळे वाट बघत बसले. दुपारी मुलीच्या फोनवर निरोप आला, तातडीचा पेशंट आलाय, पुढच्या रविवारी नक्की. पुढच्या रविवारी निरोपही आला नाही. खुर्ची बरेच दिवस तिथेच होती. शेवटी वहिनींनी ती उचलून जागेवर ठेवली.

त्याऐवजी हॉस्पिटलातला एक गोड बोलणारा माणूस दुकानात आला. त्याने आरशात बघून सावकाश, अगदी शाळेतल्या बाईंसारखं सांगितलं की काही शंका असेल तर रीतसर विचारा. रेडिओने रीतसर विचारलं. उत्तर आलं की पेशंट अत्यवस्थ होता, उपचार योग्यच झाले आणि अशा आजारात श्रवणशक्ती जाऊ शकते. म्हणजे जे हॉलमध्ये खरं होतं ते कागदावर खोटं ठरलं. ते पत्र वाचून झाल्यावर रेडिओ म्हणाला, "आयुष्यभर केस कापत आलो. केसाने गळा कसा कापतात ते आता कळलं."

त्यानंतर तो बोलायचा थांबला. एकदम नाही, उतारावर गाडी मंदावते तसा. कान गेल्यावरही ज्याचा आवाज बंद पडला नव्हता तो आता "बसा" आणि "बघा, ठीक आहे का" एवढ्यावर आला. मित्राची कथा तर गेलीच, पण खोदलेला रस्ता आणि वेडा कप्तानही गेला. भिंतीपलीकडून फक्त कात्रीचा आवाज यायचा. मी काच कापताना चुकायला लागलो. घरी तो आणि वहिनी नीट वागतात. तो दुकानातून येताना त्यांना काय हवं ते आणतो, त्या त्याच्यासमोर बसून तोंड मोठं करून बोलतात. पण बोलताना तो त्यांच्या ओठांकडे बघता बघता मधेच डोळ्यांकडे बघतो, आणि त्या लगेच गप्प होतात. हे मला मुलीने सांगितलं.

मुलीने कॉलेज सोडलं नाही. सोडायला निघाली होती, बापानेच अडवलं. "त्याने शिकवलं ते खोटं नव्हतं," तो म्हणाला. पुढच्या वर्षी तिच्या मागच्या वर्गातल्या मुली डॉक्टरचं व्याख्यान ऐकून आल्या. तीच गोष्ट होती, तोच नळ, तीच चूक. फक्त पेशंट आता केस कापणारा नव्हता, शिंपी होता. मुलीने हे घाबरत घाबरत सांगितलं. रेडिओने तिला 'शिंपी' पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाला, "चला. आता माझी गोष्टही माझी राहिली नाही."

आता ती दुसऱ्या एका हॉस्पिटलात, तसल्याच विभागात काम करते. मागे एकदा तिथल्या पेशंटचं यंत्र काढलं तेव्हा तिने ड्युटीवरच्या डॉक्टरांना विचारलं, औषधाचा डोस बदलायचा का? ते तिच्यावर खेकसले, "तुम्ही तुमचं काम करा." पण खेकसून झाल्यावर त्यांनी डोस बदलला. हे ती बापाला दुकानात येऊन सांगत होती, आणि मी दारात उभा होतो.

रेडिओने हातातला कंगवा खाली ठेवला. बऱ्याच दिवसांनी त्याने आपणहून काही विचारलं.

"आणि तुझ्या हातून राहिलं असतं, तर त्या माणसाला सांगितलं असतंस?"

 तिने आरशात बघितलं, मग आरसा सोडून सरळ त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.  तो तिच्या ओठांकडे बघत होता.

"हो," ती म्हणाली. "पण भीती वाटली असती, बाबा."

रेडिओने मान हलवली, पुढच्या गिऱ्हाइकाच्या अंगावर कापड टाकलं आणि कात्री घेतली. त्या दिवशी मी दुकान बंद करेपर्यंत भिंतीपलीकडून त्याचा आवाज काही आला नाही. पण मुलगी तिथेच बाकावर बसून होती, आणि त्याने तिला जा म्हटलं नाही.